बिकानेरचे बारा कपडे

माणसाला बारा कपडे पुरतात, हे सुलाबाईंना साठी उलटल्यावर सुनेकडून कळलं. तोवर त्यांची अशी समजूत होती की बाईमाणसाचं कपाट उघडलं की चार-दोन साड्या अंगावर पडायलाच हव्यात, नाहीतर त्या संसारात काही राम नाही.

सून म्हणजे निकिता. मुलगी चांगली, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर सासू-सुनेची गोष्ट म्हटली की ऐकणारे लगेच बाजू घेऊन मोकळे होतात. ती आणि संतोष दोन वर्षांपासून बिकानेरला. संतोष तिथे सोलरच्या कंपनीत. वाळवंटात उन्हाला तोटा नाही, तेव्हा कंपनीचं बरं चाललं होतं. निकितालाही तिथल्या शाळेत नोकरी लागली आणि घोडं अडलं ते सनीपाशी. सनी दोन वर्षांचा. पाळणाघरात ठेवला की तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरायचा, घरी आणला की उतरायचा. डॉक्टरला न सापडलेलं कारण दोघांनी मिळून शोधून काढलं. पोराला आजी पाहिजे.

आजी नाशिकरोडला, जेल रोडवरच्या रो-हाउसमध्ये एकट्या राहत होत्या. जयरामरावांना जाऊन तीन वर्षं झालेली. दोन खोल्या वर, दोन खाली, पुढे कढीपत्त्याचं झाड आणि गेटला आतून लावायची कडी. एवढं राज्य होतं, पण राज्य होतं. सुलाबाईंनी फोनवर मुलाला बजावून सांगितलं.

"हे बघ संतोष, येते मी. पण दिवाळीला मी माझ्या घरी. फराळ माझ्या ओट्यावर होणार. कबूल असंल तर बोल, नाय तर तुमचं तुम्ही बघा."

"कबूल आई, कबूल," संतोष म्हणाला.

फार पटकन म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या मनात पाल चुकचुकली असती. पण आईच्या कानाला मुलाचं 'कबूल' गोड लागतं, आणि गोड लागलेलं कुणी चावून बघत नाही.

मग निकिताने कपड्यांचं काढलं. तिने म्हणे कुठलेसे व्हिडिओ बघितले होते. जयपूरपर्यंत विमान, पुढे गाडी, तेव्हा सामान मोजकं. बिकानेरात मे महिन्यात ऊन असं की वाळत घातलेला टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखा कडक. वरून धूळ, वरून पाण्याची ओढ. सहावारी साडी, परकर, ब्लाउज, त्यात सनीमागे पळापळ.

"आई, साडीत भाजून निघाल तुम्ही," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "मी तुमच्यासाठी बाराच कपडे निवडलेत. सुती, सैल, फिकट रंगाचे. गंमत अशी की सगळं सगळ्यावर जातं. कुठलाही कुर्ता, कुठलाही पायजमा. सकाळी विचारच करायला नको."

"मी कवा इचार करत बसते गं? हाताला लागंल ती नेसते."

"म्हणजे तुमचं आधीपासून तसंच आहे की," निकिता हसली. आता असल्या सुनेशी भांडायचं तरी कसं? सुलाबाईंनी जन्मात कधी साडीशिवाय काही घातलं नव्हतं. चांदवडकडच्या त्यांच्या माहेरी म्हातारीने ड्रेस घातला असता तर गाव बघायला जमलं असतं. पण तापलेल्या सनीचा फोटो फोनमध्ये होता, आणि त्यापुढे कसला आलाय ड्रेस नि कसली साडी.

पार्सलं येऊ लागली. ती उघडायला शेजारची सविता कात्री घेऊनच हजर व्हायची. चार कुर्ते निघाले. एक ताकात पाणी घातल्यासारखा, एक राखाडी, एक मातकट, एक पिस्त्याच्या रंगाचा. तीन पायजमे, दोन पातळ ओढण्या, एक गाऊन, आणि पोरी स्कूटरवर घालतात तसला एक सनकोट.

"अकराच भरले," सुलाबाई म्हणाल्या. दुकानदाराने वजनात मारलं तर त्यांच्या लगेच लक्षात यायचं, मग हे कसं सुटणार? निकिताला विचारलं तर ती म्हणाली, "बारावा मागवलाय, येईल."

"काकू, घाला ना, बघू तरी," सविताने धोशा लावला. दार लावून, पडदा ओढून, चोरी करायला निघाल्यागत सुलाबाईंनी मातकट कुर्ता आणि पायजमा चढवला. बाहेर आल्या आणि खुर्चीत अंग चोरून बसल्या. कमरेला हात गेला तर किल्ल्यांचा जुडगा खोचायला काही नाही. नाक पुसायला पदर नाही. गरम भांडं उतरवायचं कशाने?

"खिसा आहे की," सविता म्हणाली. खरंच होता. किल्ल्यांचा जुडगा त्यात गेला आणि वर सुट्ट्या पैशांनाही जागा राहिली.

आणि मग एक आक्रीतच झालं. दुपारी गच्चीवर कुरडया वाळत घालायला त्या तशाच गेल्या. जिना चढताना निऱ्या पायात आल्या नाहीत. वारा सुटला तर पदर सावरावा लागला नाही, नुसता वारा लागला. पायऱ्या उतरून खाली आल्यावर त्या आरशापुढे जराशा थबकल्या. चाळीस वर्षं आपण सहा वार कापड गुंडाळून धुणी धुतली, जिने चढलो, लोकलाजेपायी घाम गाळला, आणि हे इतकं सोपं होतं? त्यांना खूप हलकं वाटलं, आणि थोडा रागही आला. कुणाचा ते त्यांनाही कळलं नाही.

तर कपडे त्यांना आवडले होते. ही गोष्ट कपड्यांच्या विरुद्ध नाही.

कुर्ते पटल्यावर निकिताने पुढचं पाऊल टाकलं. "आई, कपाट पण मोकळं करून टाका आता. जी साडी वर्षभरात नेसला नाहीत, ती परत कधी नेसत नाही माणूस." सुलाबाईंनी कपाट उघडलं. बोलण्यात तथ्य होतं. निम्म्या साड्या आहेराच्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. असल्या साड्या नेसायच्या नसतातच, पुढच्या लग्नात पुढे सरकवायच्या असतात. एक पोपटी साडी तर त्यांनी सटाण्याच्या चुलत जावेला दिली होती, ती चार वर्षं कुठे कुठे हिंडून, त्याच टाचणीसकट त्यांच्याच ओटीत परत आली होती.

त्यांनी ढीग काढला. दिवाळीला परत आल्यावर लागतील म्हणून सात-आठ चांगल्या बाजूला ठेवल्या. बाकीच्या बोहारणीला.

बोहारीण म्हणजे बायडाबाई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला बोचकं, आणि आवाज असा की तिसऱ्या गल्लीतली झोपलेली पोरं उठायची. वीस वर्षं ती या गल्लीत येत होती आणि वीस वर्षं तिचं आणि सुलाबाईंचं हाडवैर होतं. म्हणजे दोघींना एकमेकींशिवाय करमत नव्हतं. बायडाबाई साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवायची, सुलाबाई पातेलं उजेडात धरून पोचा दाखवायच्या. दोघी एकमेकींची अक्कल काढायच्या आणि शेवटी चहा व्हायचा.

या खेपेला सुलाबाईंचा डोळा टोपलीतल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यावर गेला. जाड बुडाचं, दोन्ही बाजूंना कान, वर झाकण. पाच किलोचा चिवडा एका घाण्यात.

"ते नाय परवडायचं ताई, ह्या चिंध्यांवर," बायडाबाई म्हणाली. "साहेबांच्या पँटी नायत का?"

"साहेबांच्या पँटी तीन वर्षांमागं तूच नेल्यास. इसरलीस?"

बायडाबाईने जीभ चावली. पण धंदा तो धंदा. "एवढं थोरलं पातेलं करायचं काय तुम्हाला? एकल्या तर ऱ्हाता."

"दिवाळीला घर भरतंय माझं. लेक, सून, नातू. चांदवडहून भाऊ येतो. परातीत कालवू का चिवडा?"

"मग जरीची टाका एखादी. ती काय, अंजिरी दिसतीया मागं."

अंजिरी साडी कपाटाच्या कोपऱ्यात होती. जयरामरावांनी येवल्याहून आणलेली, या घराच्या वास्तुशांतीला. ती नेसून सुलाबाईंनी याच उंबऱ्यावर माप ओलांडल्यासारखं पाऊल आत टाकलं होतं. आता जरीचे काठ काळे पडले होते, घडीवर कापड चिरलं होतं, नेसायला गेलं तर फाटलीच असती. तरी त्या म्हणाल्या, "ती नाय."

"मग पातेलं नाय."

सुलाबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. हा त्यांचा ठेवणीतला डाव. बायडाबाई टोपली उचलून चार घरं पुढे गेली. हा तिचा. दार उघडलं, बायडाबाई वळली. सौदा हातातून निसटतोय म्हटलं की सुलाबाईंना पुढचंमागचं दिसत नसे. शिवाय त्यांनी मनाशी हिशेब केला होता. साडी एकदा नेसून झाली, घर तर आहेच. घर आहे म्हणून पातेलं पाहिजे. अंजिरी साडी बोचक्यात गेली, पातेलं घरात आलं.

"लुटलं मला," बायडाबाई म्हणाली.

"चहा घेऊन जा," सुलाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना जिंकल्यासारखं वाटलं. पातेलं घासून, पुसून त्यांनी ओट्यावर मधोमध ठेवलं आणि येता-जाता त्याच्याकडे बघत राहिल्या.

बारावा कपडा शुक्रवारी आला. पार्सल फुगलेलं होतं आणि हाताला मऊ लागत होतं. सविता कामावर गेली होती, म्हणून सुलाबाईंनी विळीवरच ते फोडलं. आतून स्वेटर निघाला. चांगला जाड, लोकरीचा, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं असलेला, राखाडी. सगळ्यावर जाणारा.

बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. सुलाबाईंना हसू आलं. भलत्याचंच पार्सल आपल्याकडे आलं म्हणून त्यांनी लगेच निकिताला व्हिडिओ कॉल लावला.

"नाही आई, तुमचाच आहे," निकिता उत्साहाने म्हणाली. "वाळवंटात उन्हाळा जितका कडक, तितकीच थंडी. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे हात गारठतात. ऐन वेळी धावाधाव नको, म्हणून आत्ताच घेऊन ठेवला. साईज बरोबर आहे ना?"

सुलाबाईंनी डिसेंबर ऐकला. मग जानेवारी ऐकला. मनातल्या मनात त्यांनी दिवाळी कधी येते ते आठवलं, जसं काही ती यंदा संक्रांतीनंतर यायची होती.

"पण मी तर दिवाळीला घरी येनार ना गं?"

पलीकडे निकिताचा चेहरा होता तसाच राहिला, फक्त डोळे बाजूला वळले. "आई... हे बोलले नाहीत का तुमच्याशी?"

संतोष संध्याकाळी बोलला. तो ओरडला नाही, अडखळला मात्र खूप. घर बंद राहिलं की वाळवी लागते. ओलीने भिंती फुगतात. एक चांगलं कुटुंब मिळालंय, नवरा-बायको आणि एक मुलगी. जूनपासून अकरा महिन्यांचा करार. तुझं सामान वरच्या खोलीत, तिला आपलं कुलूप. मी सांगणारच होतो आई, इकडे आलीस की निवांत.

"तू कबूल केलं व्हतंस."

"हो आई. पण तू इथे, आम्ही इथे, मग दिवाळी तिथे कुणाची करायची? घर म्हणजे काय भिंती का?"

हे असं वाक्य ज्याला घर सोडावं लागत नाही तोच बोलू शकतो. "मी येत नाय मग," सुलाबाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज त्यांना रुसलेल्या पोरासारखा वाटला.

संतोषने फोन फिरवला आणि पडद्यावर सनी आला. नाक वाहत होतं, डोळे तापाने चकाकत होते. "आज्जी ये," तो म्हणाला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर बरं झालं असतं, निदान राग तरी धरता आला असता.

घर संतोषच्या नावावर होतं. जयरामराव आजारी पडले तेव्हा सुलाबाईंनीच त्यांच्या मागे लागून ते करून घेतलं होतं. उद्या पोराला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला नकोत म्हणून. आता तक्रार सांगायची कुणाला आणि कशाची? आपलेच दात आणि आपलेच ओठ. सविताला सांगून बघितलं, तर तिचेच डोळे भरून आले. "नशीबवान आहात हो काकू. माझ्या सासूबाईंना विचारा, थोरला मुलगा फोनसुद्धा करत नाही. तुम्हाला न्यायला येतोय, कपडेसुद्धा घेऊन ठेवलेत." खरंच होतं ते. अन्याय झाला म्हणावं तर कुणी मानलं नसतं. सगळे इतकं चांगलं वागत होते की सुलाबाईंना रडायलाही जागा उरली नव्हती.

संतोष रविवारी येणार होता. त्यांनी बॅग भरली. कुर्ते, पायजमे, ओढण्या, गाऊन, सनकोट. अकरा कपडे घातल्यावरही बॅग अर्धी रिकामी राहिली. स्वेटर मात्र त्यांनी बॅगेत घातला नाही. तो पलंगावर पडून राहिला. बाबा रे, डिसेंबरात काय व्हायचं ते होऊ दे, पण तुला मी नेणार नाही, असं त्यांनी त्याला मोठ्याने सांगितलंसुद्धा. त्यांच्या हातात एवढंच होतं.

आणि एक गोष्ट मनात होती. अंजिरी साडी. घरच चाललं तर पातेलं कशाला? पातेलं परत द्यायचं, साडी परत घ्यायची. फाटकी तर फाटकी, बॅगेत तळाशी जागा होती. दिलेलं परत मागणं बोहारणीच्या व्यवहारात बसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वीस वर्षांत त्यांनी स्वतः बायडाबाईला एक चमचा परत केला नव्हता. तरी त्या वाट बघत राहिल्या. वाटलं तर हात जोडू. अडला हरी, दुसरं काय.

शनिवारी दुपारी हाक आली. "भांडीऽऽ! जुन्या कपड्यावं भांडीऽऽ!" सुलाबाई ताडकन उठल्या, ओट्यावरचं पातेलं दोन्ही कानांनी उचललं आणि दाराशी गेल्या. घालून सवय व्हावी म्हणून सकाळपासून त्यांनी राखाडी कुर्ता आणि पायजमा घातला होता. ऊन आत येऊ नये म्हणून जाळीचं दार लावलेलं होतं. कडी काढायला हात मोकळा नव्हता.

बायडाबाई गेटशी आली. तिने कपाळावर आडवा हात धरून जाळीतून आत बघितलं. आत अंधार, त्या अंधारात एक ड्रेस घातलेली बाई.

"ओ मॅडम," ती म्हणाली, "जरा घरच्या बाईला हाक मारा की. सुलाताईला. म्हनावं बायडा आलीया."

सुलाबाई हसल्या. 'अगं डोळे गेले का तुझे, मीच हाय', हे शब्द अगदी जिभेवर आले. आणि तिथेच राहिले. वीस वर्षांची ओळख आणि एका कुर्त्याने पुसली गेली. बायडाबाई चुकत होती की बरोबर बोलत होती, तेच त्यांना समजेना. घरची बाई. ती आता इथे कोण होती? जूनपासून ती दुसरीच कुणीतरी होणार होती, आणि तिलाही बायडाबाई अशीच हाक मारणार होती.

"त्या नाहीत इथं," सुलाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"गावाला गेल्या व्हय? अन् कवा येनार?"

"दिवाळीला."

"बरं बरं. मंग दिवाळीलाच येते म्या." बायडाबाईने टोपली सारखी केली. "आल्या की सांगा त्यास्नी, पातेलं लय सस्त्यात उपटलं म्हनावं माझ्याकडनं. पर त्यांची ती अंजिरी काय कुनी घेईना. फाटलीया. बांधली पोराला निजवायच्या झोळीला."

ती पुढे गेली. पुढच्या गल्लीतून तिची हाक आली, मग त्याच्या पुढच्या. सुलाबाई पातेलं धरून जाळीआड उभ्या होत्या. हात भरून आले तेव्हा त्या आत गेल्या, पातेलं ओट्यावर ठेवलं, झाकण लावलं. मग पलंगापाशी जाऊन स्वेटर उचलला, त्याच्या बाह्या आत दुमडून नीट घडी घातली आणि बॅगेत ठेवला.